पाणीवाला अमेरिकन

इ. स. १७२४ च्या डिसेंबर महिन्याची २४ तारीख होती. नाताळचा सण उद्यावर येऊन ठेपला होता. त्या दिवशी अमेरिकेहून आलेल्या एका जहाजातून एक तरुण लंडन शहरात उतरला. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. एकोणिसावे वर्ष पुरे होण्यास अजून थोडा अवकाश होता. खिशात पिस्तोल नावाची सोन्याची पंधरा नाणी आणि मनात मोठी आशा, एवढेच भांडवल घेऊन तो अटलांटिक महासागर ओलांडून आला होता.

ज्यांनी पुढे आकाशातील वीज व विद्युत ही एकच होय हे दाखवून दिले, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांची स्वाक्षरी आहे आणि ज्यांचे चित्र त्या देशाच्या शंभर डॉलरच्या नोटेवर छापले जाते, तेच हे फ्रँकलिन. परंतु त्या दिवशी लंडनमध्ये त्यांना ओळखणारे कोणीही नव्हते. अमेरिका नावाचे स्वतंत्र राष्ट्रही तेव्हा जन्मास आले नव्हते. त्या किनाऱ्यावर इंग्लंडच्या राजाच्या वसाहती होत्या आणि बेंजामिन हा त्याच राजाचा एक प्रजाजन होता. तरीसुद्धा लंडनच्या लोकांना तो परकाच वाटला. काही हजार वस्तीच्या फिलाडेल्फियाहून पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात आलेल्या त्या मुलालाही ते सारे परकेच वाटले असेल.

बेंजामिनचा जन्म बोस्टन येथे मेणबत्त्या व साबण करणाऱ्या एका गरीब कारागिराच्या घरी झाला. सतरा भावंडांत त्याचा क्रमांक पंधरावा. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला आणि सतराव्या वर्षी भावाशी न पटल्यामुळे करार मोडून फिलाडेल्फियास पळून गेला. तेथे खिळे जुळवण्यात त्याचा हात चांगला बसला. वसाहतीचे गव्हर्नर सर विल्यम कीथ यांची त्याच्यावर मर्जी बसली. तुला स्वतंत्र छापखाना काढून देतो, यंत्र व खिळे खरेदी करण्यासाठी तू लंडनला जा, तेथील व्यापाऱ्यांच्या नावे मी हमीपत्रे देतो, असे त्यांनी सांगितले. पत्रे मात्र आज देतो, उद्या देतो असे करता करता जहाज सुटण्याची वेळ आली. पत्रे टपालाच्या थैलीतून जहाजावर पोचतील, असा निरोप आला. बेंजामिनने विश्वास ठेवला.

जहाज इंग्लंडजवळ आल्यावर कप्तानाने त्याला थैली पाहू दिली. गव्हर्नरांनी लिहिले असावे अशी अक्षरावरून वाटणारी सहा-सात पत्रे त्याने निवडून काढली. त्यांपैकी एक लंडनमधील एका कागदविक्याच्या नावे होते. बेंजामिन ते घेऊन त्याच्या दुकानी गेला. दुकानदाराने पत्र फोडले, ते लिहिणाऱ्याचे नाव पाहिले आणि असल्या लबाड माणसाशी आपल्याला काही कर्तव्य नाही असे सांगून पत्र परत त्याच्या हातात ठेवले. मग पाठ फिरवून तो गिऱ्हाइकाकडे वळला. पत्र गव्हर्नरांचे नव्हतेच! त्यांनी एकही पत्र लिहिले नव्हते.

जहाजावर थॉमस डेनहॅम नावाचे एक व्यापारी बेंजामिनच्या ओळखीचे झाले होते. त्याने त्यांना सारी हकीगत सांगितली तेव्हा त्यांना हसू आले. गव्हर्नरांना जाणणारा कोणीही त्यांच्या शब्दावर विसंबत नाही. ज्याची स्वतःची पत नाही तो दुसऱ्यास पत कोठून देणार, असे ते म्हणाले. त्यांनी त्याला साधा सल्ला दिला. लंडनच्या छापखान्यांत काम धर. येथे धंदा अधिक चांगला शिकशील आणि परत गेल्यावर त्याचा उपयोग होईल.

बेंजामिनने तसेच केले. पामर नावाच्या प्रसिद्ध मुद्रकाकडे त्याला लगेच काम मिळाले. लिटल ब्रिटन नावाच्या पुस्तकविक्यांच्या गल्लीत आठवड्याला साडेतीन शिलिंग भाड्याची एक खोली त्याने घेतली. जेम्स राल्फ नावाचा एक मित्र त्याच्याबरोबर आला होता. राल्फजवळ पैसा नव्हता, कामही नव्हते. कवी होण्याची हौस तेवढी होती. त्याचा खर्च बेंजामिनच्याच पैशातून चालू लागला. दोघे नाटके पाहत, करमणुकीची ठिकाणे पालथी घालीत. दिवसभर राबून मिळवलेला पैसा हातावर टिकत नसे. परतीच्या प्रवासाचे भाडे साठेल अशी आशाच उरली नाही.

थोर माणसांच्या चरित्रांत अशा गोष्टी पुष्कळदा गाळल्या जातात. फ्रँकलिन यांनी मात्र आपल्या आत्मचरित्रात त्या स्वतःच लिहिल्या आहेत, म्हणून आपणही त्या झाकून ठेवण्याचे कारण नाही.

त्याच खोलीशेजारी विलकॉक्स नावाच्या विक्रेत्याचे जुन्या पुस्तकांचे मोठे दुकान होते. पैसे देऊन वाचावयास पुस्तके मिळतील अशी ग्रंथालये त्या काळी लंडनमध्ये रूढ नव्हती. बेंजामिनने शेजाऱ्याशी करार केला : थोडे पैसे द्यावयाचे, हवे ते पुस्तक न्यावयाचे, वाचून परत आणावयाचे. नाटकगृहात गेलेल्या पैशापेक्षा हा पैसा निश्चितच अधिक सत्कारणी लागला. पुढे १७३१ साली फिलाडेल्फियात मित्रांनी वर्गणी काढून जे वाचनालय सुरू केले, त्याचे ते पुढारी होते.

याच दिवसांत त्याने एक धाडस केले. एका तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचे खिळे जुळवीत असताना त्यातील काही विचार त्याला पटेनात. तेव्हा एकोणीस वर्षांच्या या कामगाराने त्या विषयावर स्वतःच एक लहानसे पुस्तक लिहून छापले. पामर यांनी त्याच्या बुद्धीचे कौतुक केले, पण त्यातील मते त्यांना मुळीच रुचली नाहीत. या पुस्तकामुळे काही विद्वानांशी त्याची ओळख झाली. डॉ. पेंबर्टन या गृहस्थांनी तर सर आयझॅक न्यूटन यांची भेट घालून देण्याचे आश्वासन दिले. न्यूटन तेव्हा ऐंशी वर्षांचे उंबरठे ओलांडून गेले होते. बेंजामिनला त्या भेटीची अतिशय उत्कंठा होती. पण तो योग आला नाही आणि १७२७ साली न्यूटन निवर्तले. छापलेल्या पुस्तकाचा पुढे त्याला पश्चात्ताप झाला आणि हाती असलेल्या बहुतेक प्रती त्याने जाळून टाकल्या.

दुसरे एक प्रकरण याहून गंभीर होते. फिलाडेल्फियात डेबोरा रीड नावाची मुलगी होती. तिला व बेंजामिनला एकमेकांशी विवाह करावयाचा होता. तो निघण्यापूर्वी दोघांनी परस्परांना वचन दिले होते. लंडनच्या गजबजाटात त्याला तिचा विसर पडू लागला. तेथे असताना त्याने तिला केवळ एकच पत्र लिहिले, आणि तेही काय, तर आपण इतक्यात परत येण्याचा संभव नाही. समुद्रापलीकडे पत्र पोचावयास कित्येक आठवडे लागत. ते वाचून तिला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

सुमारे एका वर्षाने बेंजामिन वॉट्स यांच्या मोठ्या छापखान्यात गेला. तेथे जवळजवळ पन्नास कामगार होते. शरीराला व्यायाम व्हावा म्हणून प्रथम त्याने छपाई यंत्रावरचे काम पत्करले. शिशाच्या खिळ्यांनी भरलेला फर्मा फार जड असतो. इतर कामगार दोन्ही हातांनी एक फर्मा उचलून जिने चढत-उतरत. बेंजामिन एकेका हातात एकेक घेऊन जाई. सर्वांना नवल वाटे, कारण तो केवळ पाणी पीत असे. बाकीचे सगळे बिअर पिणारे. त्याच्याबरोबर यंत्रावर काम करणारा गडी न्याहारीपूर्वी एक पिंट, न्याहारीबरोबर एक, त्यानंतर एक, जेवताना एक, संध्याकाळी सहाच्या सुमारास एक आणि काम संपल्यावर एक, अशी रोज सहा पिंट बिअर पीत असे. सहा पिंट म्हणजे तीन लिटरांहून अधिक! कष्टाचे काम करावयाचे तर कडक बिअर प्यालीच पाहिजे, अशी त्याची पक्की समजूत होती.

बेंजामिनने त्याला हिशेब समजावून दिला. बिअरमधून जे बळ मिळावयाचे ते तिच्यात उतरलेल्या धान्यामुळे. मग एका पेनीच्या पावात त्याहून कितीतरी अधिक पीठ असते, तो पाव पाण्याबरोबर खावा, म्हणजे बळही अधिक येईल. गड्याने ऐकून घेतले आणि पिणे चालूच ठेवले. शनिवारी मजुरी हाती पडली की त्यातील चार-पाच शिलिंग त्या बिअरपायी जात. हे लोक बेंजामिनला थट्टेने ‘पाणीवाला अमेरिकन’ म्हणत. आजन्म राजाचे प्रजाजन म्हणून वाढलेल्या त्या मुलाला ‘अमेरिकन’ हे नाव असे थट्टेत मिळाले, याची मला गंमत वाटते.

हिशेबाने माणसे वळत नाहीत, हे त्याला थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका प्रसंगाने कळले. मालकांनी त्याला यंत्रावरून खिळे जुळवण्याच्या विभागात पाठवले. तेथील जुळाऱ्यांनी नवख्याची दस्तुरी म्हणून पाच शिलिंग मागितले. ते पैसे पिण्यात खर्च व्हावयाचे. यंत्राच्या विभागात आपण एकदा अशी दस्तुरी दिलीच आहे, मग पुन्हा का द्यावी, असे बेंजामिनचे म्हणणे. मालकांनीही देऊ नकोस असेच सांगितले. म्हणजे न्याय त्याच्या बाजूस होता. तो दोन-तीन आठवडे अडून राहिला. या काळात इतरांनी त्याला जणू वाळीत टाकले. तो क्षणभर बाहेर गेला की त्याच्या खणांतील खिळे कोणी तरी एकमेकांत मिसळून ठेवी, जुळवलेल्या पानांची उलटापालट होई, तयार मजकूर विस्कटलेला सापडे. हे कोणी केले म्हणून विचारावे, तर सर्वांचे उत्तर एकच : छापखान्याच्या भुताने! ज्याने दस्तुरी भरली नाही त्याला हे भूत छळते, असे ते गंभीर चेहऱ्याने सांगत.

अखेर मालकाचा पाठिंबा असूनही बेंजामिनने पाच शिलिंग भरले. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून रोज काम करावयाचे, त्यांच्याशी वैर धरून राहणे हा मूर्खपणा आहे, असे त्याला वाटू लागले होते. तो भ्याला असे कोणी म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. कारण यानंतर त्याच लोकांमध्ये त्याचे वजन वाढले. त्यांच्या पंचायतीच्या नियमांत त्याने काही सुधारणा सुचवल्या आणि विरोध असतानाही त्या संमत करून घेतल्या. आणखी एक चमत्कार घडला. शेजारच्या एका घरातून लोणी, मिरपूड व पावाचा चुरा घातलेली वाडगाभर गरम पेज दीड पेनीला मिळत असे. एका पिंट बिअरची किंमतही तेवढीच. बेंजामिनचे पाहून बऱ्याच जणांनी सकाळची बिअर सोडली आणि ते पेज घेऊ लागले. पोट भरे आणि डोकेही ठिकाणावर राही. जे काम पिठाच्या हिशेबाने झाले नाही ते शेजारी बसून पेज प्याल्याने झाले.

आता तो ड्यूक स्ट्रीटवर एका विधवा बाईंच्या घरी राहावयास गेला होता. बाईंना संधिवातामुळे फारसे चालता येत नसे, पण जुन्या गोष्टी मात्र त्यांना हजारो येत. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळापर्यंतच्या. पुष्कळदा रात्रीचे जेवण दोघे एकत्र घेत. जेवण म्हणजे काय, तर खारवलेला चिमुकला अँचोव्ही मासा प्रत्येकी अर्धा, लोणी लावलेला पावाचा लहानसा तुकडा आणि दोघांत मिळून अर्धी पिंट बिअर. येथे आपला पाणीवाला अमेरिकन नियम जरा सैल करीत असे, हेही त्याने लपविलेले नाही! जेवणापेक्षा गप्पांची गोडी अधिक. कामाजवळ दोन शिलिंग भाड्याची खोली मिळते आहे, असे त्याने सांगताच बाईंनी साडेतीन शिलिंगांचे भाडे दीड शिलिंगावर आणले. तो लंडन सोडीपर्यंत तेथेच राहिला.

त्याच घराच्या माळ्यावर सत्तर वर्षांच्या एक अविवाहित बाई राहत. तरुणपणी त्या जोगीण होण्यासाठी परदेशी मठात गेल्या होत्या. तेथील हवा न मानवल्यामुळे परत आल्या आणि इंग्लंडमध्ये तसे मठ नसल्याने घरीच व्रतस्थ राहू लागल्या. आपली संपत्ती त्यांनी दानधर्मास देऊन टाकली होती. वर्षाला बारा पौंड तेवढे स्वतःसाठी ठेवले होते आणि त्यातूनही त्या दान करीत. त्यांचा आहार पाण्यातली पेज; चूल पेटे ती ती शिजवण्यापुरतीच. बेंजामिन एकदा त्यांना भेटावयास गेला. खोली स्वच्छ होती. एक गादी, एक मेज, एक स्टूल, याखेरीज फारसे सामान नव्हते. बाईंचा चेहरा फिकट होता, पण त्या कधी आजारी पडल्या नव्हत्या आणि बोलणे आनंदी होते. खिशातील पैसा कधीच का पुरत नाही, या विवंचनेत असलेल्या तरुणाला ती खोली कायमची आठवणीत राहिली.

बेंजामिन लहानपणापासून पट्टीचा पोहणारा होता. छापखान्यातील वायगेट नावाच्या सोबत्याला व त्याच्या एका मित्राला त्याने दोनच वेळा पाण्यात नेऊन पोहावयास शिकवले. एकदा मित्रमंडळी नावेतून चेल्सी येथे गेली होती. परत येताना सर्वांच्या आग्रहावरून त्याने कपडे उतरवून थेम्समध्ये उडी घेतली आणि पाण्यावर व पाण्याखाली नाना कसरती करीत तो ब्लॅकफ्रायर्सपर्यंत पोहत गेला. हे अंतर सुमारे साडेतीन मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटरांहून अधिक आहे. ही कीर्ती पसरली. वायगेटने सुचवले, आपण दोघे युरोपभर हिंडू, जागोजागी छापखान्यांत काम करून पोट भरू. बेंजामिनचे मन ओढले गेले.

तो डेनहॅम यांना विचारावयास गेला. या डेनहॅम यांचीही एक गोष्ट आहे. पूर्वी ब्रिस्टल येथे व्यापारात बुडाल्यामुळे त्यांना सावकारांशी तडजोड करून देश सोडावा लागला होता. अमेरिकेत कष्ट करून त्यांनी पैसा मिळवला. लंडनला येताच त्यांनी जुन्या सावकारांना मेजवानीस बोलावले आणि पूर्वीच्या सवलतीबद्दल त्यांचे आभार मानले. पाहुण्यांना वाटले, येथे जेवणाखेरीज आणखी काही नाही. पण पहिल्या वाढणीनंतर ताटल्या उचलल्या तेव्हा प्रत्येकाच्या ताटलीखाली राहिलेल्या सर्व रकमेची, व्याजासह, पेढीवरची हुंडी निघाली! कायद्याने त्यांना आता एक पेनीही देणे नव्हते.

अशा माणसाने सांगितले की, भटकण्याचा नाद सोड आणि माझ्याबरोबर घरी चल. मी तुला दुकानात वर्षाला पन्नास पौंडांवर कारकून ठेवतो. खिळे जुळवून बेंजामिनला याहून अधिक मिळत होते. तरीही त्याने ते मान्य केले. लंडनचा त्याला कंटाळा आला होता आणि फिलाडेल्फियाची आठवण येऊ लागली होती. राल्फकडे त्याचे सत्तावीस पौंड येणे होते; ते मिळण्याची आशा सोडूनच तो निघाला. निघण्याच्या सुमारास एका मोठ्या सरदाराने आपल्या दोन मुलांना पोहावयास शिकवशील काय, असे त्याला विचारले. हे बोलावणे थोडे आधी आले असते तर आपण बहुधा लंडनलाच राहिलो असतो, असे त्यांनी म्हातारपणी लिहिले आहे.

२३ जुलै १७२६ रोजी जहाज ग्रेव्हसेंड येथून सुटले. प्रवास सुमारे अकरा आठवड्यांचा झाला. बेंजामिन रोजनिशी लिहीत असे. मासे, वारे, ग्रहण, सारे त्यात आहे. समुद्रात तरंगणारी एक वनस्पती त्याने वर काढली. तिला चिकटलेल्या बारीक शिंपल्यांतून खेकडे जन्मतात की काय, हे पाहण्यासाठी ती खाऱ्या पाण्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी वनस्पती कोमेजू लागली आणि प्रयोग अर्धाच राहिला. एका प्रवाशाने पत्ते खेळताना लबाडी केली व दंड देण्याचे नाकारले, तेव्हा इतरांनी त्याच्याशी खेळणे, जेवणे, बोलणे बंद केले. काही दिवसांनी त्याने निमूटपणे दंड भरला. ज्याने स्वतः छापखान्यात वाळीत पडण्याचा अनुभव घेतला होता, त्या तरुणाने रोजनिशीत विचार मांडला की, मनुष्य हा समाजप्रिय प्राणी असल्यामुळे एकांतवासासारखी दुसरी कठोर शिक्षा नसावी.

याच जहाजावर त्याने पुढील आयुष्याचा आराखडा आखला. आजवरचे आपले जगणे विस्कळीत झाले आहे, असे त्याला वाटत होते. कर्ज फिटेपर्यंत काटकसरीने राहावयाचे. खरे बोलावयाचे आणि जे पुरे होण्यासारखे नाही त्याची आशा कोणास लावावयाची नाही. एकाएकी श्रीमंत होण्याच्या मागे न लागता हातातील काम चिकाटीने करावयाचे. कोणाचीही निंदा करावयाची नाही. असे चार निश्चय त्याने लिहून काढले. त्यांतील दुसरा लिहिताना गव्हर्नर कीथ यांची आठवण त्याला खचित झाली असेल.

११ ऑक्टोबरला तो फिलाडेल्फियात उतरला. कीथ तेव्हा गव्हर्नर राहिले नव्हते. ते रस्त्यात साध्या नागरिकासारखे जाताना दिसले. बेंजामिनला पाहून ओशाळल्यासारखे झाले आणि काही न बोलता पुढे गेले. डेबोरापुढे जाताना आपलीही गत तीच झाली असती, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या त्या पत्रानंतर घरच्यांच्या आग्रहावरून तिचा विवाह एका कुंभाराशी झाला होता. तो मनुष्य चांगला निघाला नाही; पुढे कर्जबाजारी होऊन तो वेस्ट इंडीज बेटांकडे पळून गेला. डेबोरा आईच्या घरी उदास होऊन राहत असे.

पुस्तक छापून झाल्यावर चुका दिसल्या, तर मुद्रक शेवटी शुद्धिपत्र जोडतो. फ्रँकलिन हे अखेरपर्यंत स्वतःला मुद्रक म्हणवीत. १७७१ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते आत्मचरित्र लिहावयास बसले तेव्हा आपल्या आयुष्यातील अपराधांना त्यांनी मुद्रणदोष हेच नाव दिले. लंडनला जाण्यापूर्वी दुसऱ्याचे वसूल केलेले पस्तीस पौंडांच्या आसपासचे पैसे त्यांनी खर्चून टाकले होते. तो दोष त्यांनी काही वर्षांनी व्याजासह दुरुस्त केला. जाळलेल्या पुस्तकाची नोंद केली. डेबोराला लिहिलेले ते एकमेव पत्र हा फार मोठा दोष होता, असेही त्यांनी लिहिले. १ सप्टेंबर १७३० रोजी त्यांनी तिला पत्नी म्हणून घरी आणले आणि तो आपल्याकडून होईल तितका सुधारला, अशी नोंद केली.

हे त्यांनी लिहिले ते इंग्लंडमधील ट्वायफर्ड नावाच्या खेड्यात बसून. वसाहतींच्या कामासाठी ते १७६४ च्या अखेरीस पुन्हा लंडनला आले होते. डेबोराबाईंना समुद्राच्या प्रवासाची भीती वाटे, म्हणून त्या फिलाडेल्फियातच राहिल्या होत्या. त्या घर सांभाळीत, नवऱ्याला पत्रे लिहीत आणि परत येण्याबद्दल विचारीत. फ्रँकलिन पुढच्या ऋतूत येतो म्हणून लिहीत आणि काम निघून ते राहून जाई. डिसेंबर १७७४ मध्ये डेबोराबाई वारल्या. फ्रँकलिन १७७५ च्या मे महिन्यात घरी पोचले.